टॉर्क पान्याला जोड लावला, आता आकडा किती ठेवायचा?

टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोरानं आवळला गेला की तसं सांगणारा पाना, एकेकाळी मोठ्या वर्कशॉपात नाहीतर कारखान्यातच दिसायचा. आता बुलेटवाले, महागड्या सायकलीवाले, घरच्या गाडीचं बारीकसारीक काम स्वतः करणारे हौशी लोक तो सर्रास ऑनलाइन मागवतात. आणि मागवला की थोड्याच दिवसांत एका वादात अडकतात: पान्याला एक्स्टेन्शन लावलं तर टॉर्क बदलतो की नाही? एक म्हणतो, बदलतो, कमी होतो, कारण लांब सळई पीळ खाते. दुसरा म्हणतो, काही बदलत नाही, आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय. तिसरा एक सूत्र टाकून मोकळा होतो, पण ते कधी लावायचं आणि कधी नाही, हे काही सांगत नाही.

बहुतेक वेळा ही मंडळी दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडत असतात. एक असते उभी सळई. ती पाना आणि गोटी (नटावर बसणारा सॉकेट) यांच्यामध्ये, बोल्टच्याच रेषेत उभी राहते. दुसरा असतो आडवा जोड, म्हणजे क्रो-फूट किंवा तसलाच एखादा तुकडा. तो पान्याच्या तोंडाला लागतो आणि पान्याची लांबीच वाढवतो. दुकानात दोन्ही ‘एक्स्टेन्शन’ म्हणूनच मिळतात. उभ्या सळईनं टॉर्क बदलत नाही. आडव्या जोडानं बदलतो, आणि कधीकधी चांगलाच बदलतो.

## आवळतो म्हणजे काय करतो

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. हात किती जोरानं ओढतोय आणि बोल्टच्या केंद्रापासून तो किती लांब आहे, या दोन्हींचा गुणाकार. मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. एक किलोचं वजन साधारण ९.८ न्यूटन जोरानं खाली ओढतं. तेव्हा एक मीटर लांब पाना आडवा धरून त्याच्या टोकाला एक किलो टांगलं, तर बोल्टवर ९.८ न्यूटन-मीटर टॉर्क आला. जुन्या मॅन्युअलमध्ये ‘किलोग्रॅम-मीटर’ असा आकडा असतो, तो ९.८ ने गुणला की न्यूटन-मीटर मिळतात. फूट-पाउंड असतील तर १.३६ ने गुणायचं.

पण बोल्ट आवळण्याचा हेतू टॉर्क देणं हा नसतोच. हेतू असतो बोल्टला ताण देण्याचा. आवळलेला बोल्ट किंचित लांबतो आणि मूळ लांबीवर परत यायला धडपडतो. त्या धडपडीतून दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. बोल्टचा ताण थेट मोजणं अवघड, म्हणून आपण टॉर्क मोजतो आणि त्यावरून ताणाचा अंदाज बांधतो. हा अंदाज किती कच्चा आहे ते कळलं की थोडा धक्काच बसतो. ढोबळमानानं निम्मा टॉर्क बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात. उरलेल्या १० टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. ही गोष्ट पुढे एका आक्षेपाला उत्तर देताना लागणार आहे.

## पाना काय मोजतो आणि कुठे मोजतो

सर्वांत जास्त खपतो तो ‘टिक’ वाजणारा पाना. त्याच्या नळीत एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा वाढवला की ती दाबली जाते. पान्याचं तोंड, म्हणजे ज्या चौकोनी खुंटीवर गोटी बसते तो भाग, आतल्या बाजूला एका पिनेवर हलू शकतो. तुम्ही मूठ ओढता तेव्हा तोंडाचा आतला दांडा स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध सरकू पाहतो. तुमचा जोर स्प्रिंगच्या पुढे गेला की दांडा सटकन सरकून नळीच्या भिंतीवर आपटतो. टिक असा आवाज येतो आणि हाताला झटका कळतो. टिक वाजल्यावर पाना तुम्हाला थांबवत नाही. तुम्ही ओढत राहिलात तर तो निमूटपणे पुढे आवळत राहतो.

या सगळ्यातून बोल्टपर्यंत एकही तार गेलेली नाही. पान्याला कळतो तो फक्त त्याच्या स्वतःच्या तोंडाशी आलेला टॉर्क. जोड नसेल तेव्हा तोंड बरोबर बोल्टवर असतं, त्यामुळे तोंडाचा टॉर्क तोच बोल्टचा. आपण हे इतकं गृहीत धरतो की तोंड बोल्टवरून बाजूला सरकल्यावरही पान्याचा आकडा बोल्टचाच समजतो.

## उभी सळई: पीळ पडतो, टॉर्क मात्र पोचतो

आधी सोपा प्रकार. स्पार्क प्लग खोल विहिरीत आहे, म्हणून गोटी आणि पाना यांच्यामध्ये २५० मिलिमीटरची सळई घातली. पान्याचं तोंड वर आलं, पण ते अजूनही प्लगच्या मध्यरेषेवरच आहे. हाताचं मध्यरेषेपासूनचं अंतर होतं तेवढंच राहिलं. आकडा बदलायचा नाही.

‘पण सळई पीळ खाते, तो जोर कुठे गेला?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. सळई पीळ खातेच. अर्धा इंची, म्हणजे चार सुताची सळई साधारण १३ मिलिमीटर जाड आणि २५० मिलिमीटर लांब धरली, तर १०० न्यूटन-मीटरला ती सुमारे ६ अंश पिळते. तीन सुती, साडेनऊ मिलिमीटरची असेल तर तब्बल २२ अंश. पण पीळ म्हणजे टॉर्कची गळती नाही. सळईच्या एका टोकाला १०० चा टॉर्क आणि दुसऱ्या टोकाला ९० चा, असं असतं तर उरलेल्या १० च्या जोरानं सळई स्वतःच गरगर फिरायला लागली असती. ती शांत आहे याचाच अर्थ दोन्ही टोकांना सारखाच टॉर्क आहे. पिळामुळे तुमच्या हाताला थोडं जास्त फिरावं लागतं, बस.

अट एकच, सावकाश आणि एकसारखं ओढायचं. इम्पॅक्ट गनचा, म्हणजे नट फिरवणाऱ्या यंत्राचा, मामला निराळा आहे. ती ठोके मारते, आणि प्रत्येक ठोक्यातला बराचसा जोर पिळणारी सळई स्प्रिंगसारखी गिळून टाकते. टायरच्या दुकानात गनला लावतात त्या रंगीत ‘टॉर्क स्टिक’ याच तत्त्वावर चालतात. ‘लांब सळईनं टॉर्क कमी होतो’ ही समजूत बहुधा गनवाल्यांकडूनच आली असावी. गनपुरती ती खरी आहे.

उभ्या सळईचा खरा त्रास वेगळाच असतो. पाना उंचावर गेला की ओढताना सळई कलते, गोटी नटावर तिरकी बसते आणि काही जोर नट फिरवण्याऐवजी त्याला आडवं रेटण्यात जातो. म्हणून दुसऱ्या हातानं पान्याचं डोकं सळईच्या माथ्यावर दाबून धरायचं, सळई सरळ ठेवायची आणि मगच ओढायचं. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घातला असेल तर हा सगळा हिशेब विसरा. सांधा वाकला की टॉर्क कोनानुसार कमी-जास्त होतो, आणि तो किती झाला ते पान्याला कळत नाही. तुम्हालाही नाही.

## आडवा जोड: तोंड बोल्टवरून सरकलं

क्रो-फूट लागतो कुठे, याचं एक चांगलं उदाहरण आजकालच्या डिझेल इंजिनात मिळतं. प्रवासी गाड्यांमध्ये कॉमन-रेल पद्धत १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ पासून आली आणि नंतर सगळीकडे पसरली. तिच्यात पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबानं भरून ठेवतो. १६०० बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे पट, आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त. रेलपासून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत पोलादी नळ्या जातात आणि दोन्ही टोकांना नटांनी बसतात. नळीचं टोक शंकूसारखं असतं. नट आवळला की तो शंकू आपल्या बैठकीवर दाबला जातो आणि सील होतं. तिथे गॅस्केट नाही, रबर नाही, धातूवर धातू. कमी आवळला तर डिझेल फवारतं. जास्त आवळला तर शंकू चेपतो, आणि मग कितीही आवळलं तरी गळती थांबत नाही. (इंजिन चालू असताना अशी गळती हात फिरवून शोधू नये. तेवढ्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेपर्यंत जाते.)

या नटावर गोटी बसत नाही, कारण मधून नळी आरपार गेलेली असते. म्हणून तोंडाला फट असलेला क्रो-फूट लावायचा, तो नळीवरून बाजूनं सरकवून नटावर बसवायचा. समजा, मॅन्युअल म्हणतंय ३० न्यूटन-मीटर.

‘मामा, क्रो-फूट लावलाय, पाना २६ वर ठेवू ना?’

‘ठेव ३० वरच. जरा जास्त बसलं तर बरंच आहे, लीक नको मागे यायला.’

हा संवाद तुम्ही कुठल्याही डिझेल वर्कशॉपात ऐकाल. पोऱ्याचं बरोबर आहे, मामांचं चूक.

आंब्याच्या फांदीच्या टोकाला पोरगं लोंबकळलं तर फांदी कुठे मोडते? खोडापाशी. टोकाशी फांदीला वाकवणारा जोर जवळजवळ नसतोच, मध्यावर निम्मा असतो, खोडाशी पूर्ण. बोल्ट आवळताना पाना म्हणजे तीच फांदी. बोल्ट हे खोड, तुमचा हात हे पोरगं. जोड नसताना पान्याचं तोंड अगदी खोडाशी असतं. मध्ये जोड घातला की तोंड खोडापासून लांब आलं. पाना आता फांदीच्या मधल्या एका जागेचा जोर मोजतोय. खोडाशी तो जास्त आहे, पण पान्याला त्याची खबर नाही.

म्हणून आकडा खाली आणायचा. किती, त्यासाठी दोन मापं घ्यायची. पहिलं, पान्याच्या चौकोनी खुंटीच्या केंद्रापासून मुठीच्या मध्यापर्यंत, जिथे हात धरणार तिथपर्यंत. याला ‘हाताचं अंतर’ म्हणू. दुसरं, खुंटीच्या केंद्रापासून नटाच्या केंद्रापर्यंत, म्हणजे ‘जोडाचं अंतर’. क्रो-फूटची पूर्ण लांबी मोजायची नाही, केंद्र ते केंद्रच.

पान्यावर ठेवायचा आकडा = हवा असलेला टॉर्क × हाताचं अंतर ÷ (हाताचं अंतर + जोडाचं अंतर)

आपल्या उदाहरणात पाना छोटा आहे. हाताचं अंतर २५० मिलिमीटर, क्रो-फूट सरळ पुढे, अंतर ४०. मग ३० × २५० ÷ २९० म्हणजे २५.९. पोऱ्या २६ म्हणाला ते उगाच नाही. मामांच्या म्हणण्याप्रमाणे ३० वर ठेवला असता तर नटावर ३४.८ आले असते, १६ टक्के जास्त. तोच क्रो-फूट ४५० मिलिमीटर हाताच्या मोठ्या पान्याला लावला तर जास्तीचे फक्त ९ टक्के. पाना जितका आखूड तितकी चूक मोठी, आणि क्रो-फूट लागतो तो नेमका अडचणीच्या जागी, जिथे आखूड पानाच शिरतो.

हे सूत्र कुणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाची विमानदुरुस्तीच्या मान्य पद्धतींची एक जाडजूड पुस्तिका आहे, एसी ४३.१३-१बी. तिच्यात बोल्टांच्या प्रकरणात हेच सूत्र चित्रासकट दिलंय.

## काटकोनात लावा आणि गणितातून सुटा

आतापर्यंत जोड पान्याच्या रेषेत, सरळ पुढे धरला. पण क्रो-फूट चौकोनी खुंटीवर बसतो, त्यामुळे तो बाजूला वळवूनही लावता येतो. पान्याला काटकोनात लावला तर आकडा बदलावा लागत नाही. ३० हवेत, ३० ठेवा.

हे पटकन पटत नाही. लोक कागदावर त्रिकोण काढतात, हातापासून नटापर्यंत तिरकी रेषा मारतात आणि म्हणतात, ही रेषा पान्यापेक्षा लांब आहे, म्हणजे टॉर्क वाढला. पण टॉर्क हात आणि नट यांच्यातल्या तिरक्या अंतरावर ठरत नाही. हात ज्या दिशेनं ओढतोय ती रेषा नटापासून किती लांबून जाते, त्यावर ठरतो. तुम्ही पान्याला काटकोनात ओढता. जोडही पान्याला काटकोनात आहे. म्हणजे ओढण्याची दिशा आणि जोड समांतर. नट त्या दिशेनं मागेपुढे सरकला तरी ओढण्याच्या रेषेपासून त्याचं अंतर बदलत नाही. ते पान्याच्या हाताएवढंच राहतं.

मधल्या कोनांसाठी जोडाच्या अंतराला त्या कोनाच्या कोसाइननं गुणायचं. ४५ अंशाला ४० मिलिमीटरचे २८ होतात आणि आकडा ठेवायचा २७ च्या आसपास. जोड उलटा, मुठीकडे तोंड करून लावला तर सूत्रात बेरजेच्या जागी वजाबाकी येते. मग ३० × २५० ÷ २१०, म्हणजे आकडा वाढवून ३५.७ करावा लागतो. असा उलटा जोड जागेअभावी लावला जातो आणि गडबडीत कुणी सूत्र सुलटंच लावतं. मग २५.९ वर ठेवलेल्या पान्यानं नटाला मिळतात जेमतेम २२.

काटकोनाच्या युक्तीत एक खोच आहे, आणि ती कागदावर दिसत नाही. बहुतेक टॉर्क पान्यांच्या तोंडाला रॅचेट असतो, म्हणजे एका दिशेला पकडणारा आणि उलट्या दिशेला मोकळा फिरणारा भाग. अडचणीच्या जागी तुम्ही पाना थोडा ओढता, मागे नेता, परत ओढता. मागे नेताना क्रो-फूट नटावर जागीच राहतो आणि पाना रॅचेटवर फिरतो. म्हणजे दर वेळी दोघांमधला कोन बदलतो. सुरुवातीला काटकोन लावून समाधान मानलं, तरी टिक वाजेपर्यंत तो काटकोन राहिलेला नसतो. शेवटचा ओढा ज्या कोनात घेणार तोच महत्त्वाचा. काटकोनापासून १० अंश इकडेतिकडे झाले तर आपल्या छोट्या पान्यावर ३ टक्क्यांच्या आत फरक पडतो, तो चालून जातो. ३० अंश झाले तर ८ टक्के.

## आता हात कुठे धरता यालाही किंमत आली

जोडाबद्दल इतकं लिहिलं जातं, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बहुतेकांच्या बोलण्यातून निसटते. जोड नसताना मूठ थोडी पुढे धरली काय किंवा मागे, फारसा फरक पडत नाही. मागे धरली तर कमी जोर लागतो, पुढे धरली तर जास्त, पण तोंडाशी ठरलेला टॉर्क आला की टिक वाजते. आतली पिन तोंडाच्या केंद्रापासून जराशी मागे असते म्हणून किंचित फरक पडतो, तेवढाच.

जोड लावला की हे बदलतं. सूत्रात ‘हाताचं अंतर’ आलंय ते उगाच नाही. २५० वर हात धरणार म्हणून तुम्ही २५.९ ठेवले. प्रत्यक्षात हात पुढे सरकून २०० वर आला, तर नटावर ३० ऐवजी ३१ येतात. पोहोचत नाही म्हणून मुठीला पाईप घातला आणि हात ५०० वर गेला, तर २८ च येतात. पाईप लावला म्हणजे जास्त आवळलं जातं, हा आपला जन्मभराचा अनुभव. इथे मात्र पाईपानं टॉर्क घटतो, कारण टिक वाजायला आता कमी जोर पुरतो आणि त्या कमी जोराला जोडामुळे मिळणारी जास्तीची भरही कमी पडते. जोड नसताना तुम्ही फक्त जोर लावणारे असता. जोड लावल्यावर तुमचा तळवा कुठे आहे हे मोजमापाचा भाग होतं. पुष्कळ चांगल्या पान्यांच्या मुठीवर मध्यावर एक रेघ किंवा कडं असतं. मधलं बोट तिथे यायला हवं. रेघ नसेल तर सूत्रासाठी जिथून माप घेतलं तिथे चिकटपट्टीचा एक वेढा मारून ठेवा.

## ‘घर्षणातच एवढी गफलत, मग हे कशाला?’

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो सहसा अनुभवी माणसाकडून येतो. म्हणणं असं: ९० टक्के टॉर्क घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्टमधला ताण सहज २५-३० टक्क्यांनी वाढतो. गंज असेल तर उलटं. मग क्रो-फूटच्या १०-१५ टक्क्यांसाठी कॅल्क्युलेटर काढायचा?

घर्षणाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. उलट मी तर म्हणेन की मॅन्युअलमध्ये ‘कोरडे आटे’ लिहिलंय की ‘तेल लावून’, हे न वाचणारा माणूस क्रो-फूटचं गणित करत बसला तर त्यानं क्रम चुकवलाय. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घर्षणातली गफलत दोन्हीकडे जाते, काही बोल्ट जास्त, काही कमी, आणि इंजिन बनवणाऱ्यानं ती धरूनच आकडा दिलेला असतो. सरळ जोडाची चूक दर वेळी एकाच दिशेला, जास्तीकडे जाते, आणि ती त्या आकड्यात कुणी धरलेली नसते. दोन्ही एकमेकांवर चढल्या की बोल्ट मर्यादेबाहेर जातो.

शिवाय, जोड सगळ्याच बोल्टांना लागत नाही. समजा एका ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला आठ बोल्ट आहेत. सहा गोटीनं सहज बसले, दोन मागच्या कोपऱ्यात म्हणून क्रो-फूटनं. आठही एकाच आकड्यावर आवळले. सहांवर बरोबर टॉर्क, दोघांवर १६ टक्के जास्त. गॅस्केट एका बाजूनं जास्त दाबलं गेलं, मऊ ॲल्युमिनियमचे आटे त्या दोनच ठिकाणी ताणले गेले, आणि पुढच्या वेळी उघडताना आटे येतात ते त्याच दोघांसोबत. मग मेकॅनिक म्हणतो, ‘कंपनीचा मालच तसला.’

## ‘टॉर्कनंतर ९० अंश फिरवा’ असं असेल तर?

आजकालच्या हेड बोल्टांना, म्हणजे इंजिनाचं हेड बसवणाऱ्या बोल्टांना, बऱ्याचदा असं लिहिलेलं असतं: आधी ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश फिरवा, मग आणखी ९० अंश. घर्षणाच्या भानगडीतून सुटायला काढलेली ही पद्धत. थोडा टॉर्क देऊन बोल्ट बसवायचा आणि पुढचा ताण कोनावर सोपवायचा, कारण आट्याची चढण ठरलेली असते आणि अमुक अंश फिरला म्हणजे बोल्ट साधारण अमुकच लांबणार.

इथे सगळं उलटतं. वर म्हटलं, उभ्या सळईतून टॉर्क पूर्ण पोचतो आणि पीळ फक्त हाताला कळतो. पण आता मोजायचा तो कोनच. कोन तुम्ही पान्याशी मोजता आणि सळई मध्ये पिळत असते. ४० वरून टॉर्क १०० वर गेला, तर २५० मिलिमीटरची चार सुती सळई आणखी ४ अंश पिळते. पान्याशी ९० दिसले तरी बोल्ट ८६ च फिरला. तीन सुती सळई असेल तर १३ अंश जातात. म्हणून कोनाच्या कामाला शक्य तेवढी आखूड आणि जाड सळई घ्यावी. नाहीतर बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका लावून तो ठिपका किती फिरला ते बघावं. पान्याकडे बघूच नये. आडव्या जोडाचा या टप्प्यावर काही त्रास नाही. क्रो-फूट आखूड आणि जाडजूड असतो, पान्याइतकाच बोल्टही फिरतो.

## सेटिंग करताना

हिशेब करून आलेला आकडा पान्याच्या पट्ट्यात बसतो का ते आधी बघा. टिकवाल्या पान्याची खात्री त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर धरतात. २०० न्यूटन-मीटरच्या पान्यावर २६ ठेवण्यात अर्थ नाही, तिथे स्प्रिंग जेमतेम दाबलेली असते. अशा पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे जे मानक आहे, त्यात १० न्यूटन-मीटरहून मोठ्या पान्याला अधिकउणे ४ टक्के चूक चालते. म्हणून २५.८६ असा आकडा काढून दशांशावर भांडू नका, २६ पुरे. हे ४ टक्केही पाना नीट ठेवला तरच. काम झालं की मूठ फिरवून पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणावा, त्याच्याही खाली पार सैल करू नये. बोल्ट सोडवायला टॉर्क पाना वापरू नये. सांगितलेलं दुसरं काही नसेल तर वर्षानं किंवा ५,००० टिका झाल्यावर तपासून घ्यावा. आवळताना एकाच ओढ्यात, सावकाश, एक टिक. खात्री म्हणून दुसऱ्यांदा टिक करणारे हात मी पुष्कळ पाहिलेत. झटक्यानं दिलेली ती दुसरी टिक नट आणखी थोडा पुढे नेते.

डिजिटल पाना असेल तर काहींमध्ये जोडाचं अंतर भरायची सोय असते आणि पडद्यावर थेट नटाचा टॉर्क दिसतो. सोयीचं आहे, पण तोही हात ठरल्या जागी धरलाय असं समजूनच हिशेब करतो. कारखान्यात तोंडच बदलता येणारे पाने असतात, ज्यांत ९ बाय १२ किंवा १४ बाय १८ मिलिमीटरच्या खोबणीत वेगवेगळी तोंडं बसतात. त्यांच्या मूळ तोंडाची लांबी पान्याच्या मापनात आधीच धरलेली असते, म्हणून तिथे फक्त जास्तीची लांबी सूत्रात घ्यायची.

या सगळ्यावर विश्वास बसत नसेल तर व्हाइस, एक मोठा बोल्ट आणि बादली एवढ्यावर पडताळता येतं. बोल्टचं डोकं वर येईल असा नाही, तर बाजूला, आडवं येईल असा व्हाइसमध्ये पकडा. पाना गोटीनं त्यावर आडवा बसवा, ४० न्यूटन-मीटर ठेवा, मुठीच्या रेघेवर बादली अडकवा आणि टिक वाजेपर्यंत हळूहळू पाणी भरा. पायाची बोटं बादलीखाली नकोत. हाताचं अंतर ४०० मिलिमीटर असेल तर बादलीसकट साधारण १० किलोच्या थोडं अलीकडेच टिक वाजेल, कारण पान्याचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं. आता गोटी काढून ५० मिलिमीटरचा क्रो-फूट सरळ पुढे लावा आणि तेच पुन्हा करा. टिक तेवढ्याच पाण्याला वाजेल. बादली मात्र आता बोल्टपासून ४०० नाही, ४५० मिलिमीटरवर लटकतेय.